पांढरा अजगर : रंग एक, जनुके अनेक

मालेगाव, प्रतिनिधी

श्रावण जवळ आला, नागपंचमीची तयारी सुरू झाली, की पांढऱ्या नागाच्या कथांनाही ऊत येतो. कुणाच्या शेतात तो धनाची राखण करीत असतो, तर कुणाच्या आजोबांना बांधावर त्याचे दर्शन घडलेले असते. अलीकडे या कथांना छायाचित्रांची जोड मिळाली आहे. दुधासारखा शुभ्र, निळ्या डोळ्यांचा, वेटोळे घालून शांत बसलेला साप मोबाइलच्या पडद्यावर दिसतो आणि 'हिमालयात सापडलेला दुर्मीळ नाग' म्हणून तो गावोगाव फिरतो. प्रत्यक्षात अशा छायाचित्रांतील साप बहुधा नाग नसतो आणि हिमालयातला तर मुळीच नसतो. तो असतो आफ्रिकेतील 'बॉल पायथन' या बिनविषारी अजगराचा, माणसाने पिंजऱ्यात निवडून निवडून तयार केलेला वंशज.

या पांढऱ्या रंगामागे कोणताही चमत्कार नाही. मात्र त्यामागचे विज्ञान चमत्काराहून कमी रंजक नाही. कारण दिसायला सारखेच पांढरे असणारे दोन अजगर आनुवंशिकतेच्या दृष्टीने एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे असू शकतात. इतके वेगळे, की त्या दोघांच्या मीलनातून एकही पांढरे पिल्लू जन्माला येणार नाही! हे कोडे समजून घेणे केवळ जिज्ञासेपुरते महत्त्वाचे नाही. पांढऱ्या सापाच्या नावावर होणारी फसवणूक, विदेशी प्राण्यांची तस्करी आणि खुद्द त्या मुक्या जिवाचे आरोग्य असे तीनही प्रश्न त्याच्याशी निगडित आहेत.

कोण हा बॉल पायथन?

बॉल पायथनचे शास्त्रीय नाव पायथन रेजियस. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडापर्यंतच्या गवताळ व विरळ झाडीच्या प्रदेशात तो आढळतो. आपल्याकडील भारतीय अजगराच्या तुलनेत तो बराच लहान, साधारणतः तीन ते पाच फूट लांबीचा असतो. भीती वाटली, की डोके आत दडवून अंगाचा घट्ट चेंडू करून बसण्याच्या सवयीमुळे त्याला हे नाव पडले. त्याचा मूळ रंग गडद तपकिरी आणि त्यावर फिकट तपकिरी ठिपके. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून अनेक दशके हे अजगर पाळीव प्राण्यांच्या जागतिक बाजारात निर्यात होत आले आहेत.

जंगलातून पकडलेल्या असंख्य अजगरांमध्ये एखादा वेगळ्या रंगाचा निघे. अमेरिकेतील सर्पपालकांनी असे अजगर वेगळे काढून त्यांची पैदास सुरू केली. १९९२ मध्ये बॉब क्लार्क यांनी अल्बिनो बॉल पायथनची पिंजऱ्यात यशस्वी पैदास केली आणि हा रंग आनुवंशिक असल्याचे सिद्ध झाले. १९९७ मध्ये 'पायबाल्ड' म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या चितकबऱ्या अजगराबाबतही तेच घडले. त्यानंतर रंगरूपांचा जणू पूरच आला. आज या एका प्रजातीची हजारो रूपे बाजारात सांगितली जातात. त्यांतील बहुतेक रूपे मोजक्या मूळ बदलांच्या वेगवेगळ्या जुळण्या आहेत.

रंग येतो कुठून?

सापाच्या त्वचेत तीन प्रकारच्या रंजकपेशी असतात. पहिल्या पेशींत मेलॅनिन हे काळे-तपकिरी द्रव्य असते. दुसऱ्या पेशींत पिवळी-तांबडी द्रव्ये असतात. तिसऱ्या पेशींत रंगद्रव्य नसते, तर सूक्ष्म स्फटिक असतात. ते प्रकाश परावर्तित करून चकाकी निर्माण करतात. या तिन्हींच्या थरांतून सापाची नक्षी साकारते. या सर्व पेशींचा उगम गर्भावस्थेत पाठीच्या कण्यालगत होतो आणि तेथून त्या प्रवास करीत अंगभर पसरतात.

मालेगावकरांना हे कापडाच्या उदाहरणावरून चटकन उमगेल. रंगाईच्या कारखान्यात कापड पांढरे राहण्याची कारणे अनेक असू शकतात. रंगारी कामावर हजर आहे, पण काळ्या रंगाचा डबा रिकामा आहे, हे झाले एक कारण. रंगारी कामावर आलाच नाही, हे दुसरे. रंगारी आला, पण निम्म्याच ताग्यापर्यंत पोहोचला, हे तिसरे. अजगरातील पांढऱ्या रंगाची कारणे नेमकी अशीच आहेत. पहिल्याला अल्बिनो म्हणतात, दुसऱ्याला ल्युसिस्टिक आणि तिसऱ्याला पायबाल्ड.

अल्बिनो : पेशी आहेत, मेलॅनिन नाही

अल्बिनो अजगराच्या अंगात रंजकपेशी असतात. परंतु मेलॅनिन तयार होत नाही. पिवळ्या पेशी मात्र शाबूत असतात. त्यामुळे हा अजगर वास्तविक पूर्ण पांढरा नसतोच, तर पांढऱ्या अंगावर पिवळीधमक नक्षी असलेला असतो. डोळ्यांतही मेलॅनिन नसल्याने आतील रक्तवाहिन्यांचा रंग दिसतो आणि डोळे लाल किंवा गुलाबी भासतात. पांढरा साप अल्बिनो आहे की नाही, हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे हे लाल डोळे.

२०२२ मध्ये अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी या रंगामागचे जनुक शोधून काढले. त्यासाठी त्यांनी सापांना टोचले नाही की कापले नाही. सर्पपालकांनी पाठवलेल्या टाकलेल्या कातींमधून त्यांनी डीएनए मिळवला. अल्बिनो अजगरात टायरोसिनेज या विकराच्या जनुकात बिघाड असल्याचे त्यातून दिसले. मेलॅनिन बनविण्याच्या प्रक्रियेतील पहिली पायरी हे विकरच पार पाडते. माणसातील जन्मजात रंगहीनतेच्या एका प्रमुख प्रकारातही हेच जनुक बिघडलेले असते.

याच अभ्यासात 'लॅव्हेंडर अल्बिनो' या फिकट जांभळट छटेच्या अजगरात ओसीए-२ नावाच्या वेगळ्याच जनुकात बदल आढळला. येथेच सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर आहे. साधा अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो यांची जोडी लावली, तर सर्व पिल्ले सामान्य तपकिरी निपजतात. कारण प्रत्येक पिल्लाला एका पालकाकडून टायरोसिनेजची, तर दुसऱ्याकडून ओसीए-२ ची चांगली प्रत मिळते. माणसांतही दोन वेगवेगळ्या प्रकारच्या रंगहीन पालकांचे मूल सर्वसाधारण वर्णाचे होऊ शकते, ते याच कारणाने.

अप्रभावी जनुकाचे गणित

प्रत्येक जिवात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात; एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. अल्बिनोचे जनुक अप्रभावी आहे. म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तरच रंग नाहीसा होतो. एकच प्रत बिघडलेली असेल, तर साप दिसायला अगदी सामान्य असतो. मात्र तो त्या जनुकाचा वाहक असतो.

दोन वाहकांची जोडी लावल्यास प्रत्येक अंड्यातून अल्बिनो निघण्याची शक्यता २५ टक्के असते. ५० टक्के शक्यता पिल्लू वाहक असण्याची आणि २५ टक्के त्या जनुकापासून मुक्त असण्याची. 'चार अंड्यांत एक पांढरे हमखास' असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक अंड्याचा फासा स्वतंत्रपणे पडतो. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण सहा अंडी घालते. सहाही अंड्यांतून एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, म्हणजे पाचांत जवळजवळ एक एवढी असते.

विदेशातील सर्पबाजारात '६६ टक्के वाहक' असा शब्दप्रयोग रूढ आहे. तोही याच गणितातून आला. दोन वाहकांच्या सामान्य दिसणाऱ्या पिल्लांपैकी सरासरी तिघांत दोन वाहक असतात. पण ते कोणते, हे नुसते पाहून सांगता येत नाही. विक्रेत्याच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसताना सामान्य सापाला 'वाहक' ठरवून चढा भाव लावणे सोपे होते, ते यामुळेच. जनुके सापडल्यानंतर आता कातीवरून चाचणी करणे शक्य झाले आहे.

अल्बिनोला 'ॲक्झँथिक' या दुसऱ्या अप्रभावी रूपाची जोड दिली, की 'स्नो' तयार होतो. ॲक्झँथिकमध्ये पिवळी छटा नसते. काळा नाही आणि पिवळाही नाही, असा हा फिकट पांढरा, लाल डोळ्यांचा अजगर. दोन्ही जनुकांचे वाहक असलेल्या जोडीपासून स्नो मिळण्याची शक्यता प्रत्येक अंड्यामागे सोळांत एक असते. सहा अंड्यांच्या खेपेत एकही स्नो न निघण्याची शक्यता ६८ टक्के! एके काळी अशा रूपांचे भाव गगनाला का भिडत, याचे उत्तर या आकड्यात आहे.

ल्युसिस्टिक : खरा शुभ्र

मोबाइलवर फिरणारा दुधाळ, निळ्या डोळ्यांचा साप अल्बिनो नसतो. तो ल्युसिस्टिक होय. त्याच्या त्वचेत रंजकपेशीच जवळजवळ नसतात. त्यामुळे काळा, पिवळा कोणताच रंग उमटत नाही आणि नक्षीही दिसत नाही. डोळे मात्र लाल होत नाहीत. डोळ्याच्या आतील पडद्यामागचा रंगीत थर गर्भाच्या वेगळ्या भागापासून बनतो. रंजकपेशींचा प्रवास थांबला, तरी त्या थरातील मेलॅनिन कायम राहते. बुबुळाचा भाग निळा दिसतो तो त्यातील रंजकपेशींच्या अभावामुळे.

या निळ्या डोळ्यांच्या शुभ्र अजगराची आनुवंशिकता अल्बिनोहून निराळी आहे. येथे अपूर्ण प्रभाविता आढळते. 'मोहावे' किंवा 'लेसर' या रूपांत बदललेल्या जनुकाची एकच प्रत असते, तरीही साप सामान्याहून फिकट व वेगळ्या नक्षीचा दिसतो. म्हणजे वाहक लपून राहत नाही. दोन मोहावे अजगरांची जोडी लावली, की सरासरी २५ टक्के पिल्ले सामान्य, ५० टक्के मोहावे आणि २५ टक्के पांढरी होतात. मोहावेच्या दुहेरी प्रतीच्या पिल्लाच्या डोक्यावर अनेकदा करडी छटा राहते.

त्याहून विशेष असे, की मोहावे आणि लेसर या दोन वेगळ्या रूपांच्या मीलनातूनही पांढरी पिल्ले होतात. कारण हे दोन्ही बदल एकाच जनुकाचे वेगवेगळे अवतार आहेत. आपल्या रक्तगटाचे उदाहरण येथे चपखल बसते. ए, बी आणि ओ हे एकाच जनुकाचे तीन प्रकार. पण कोणत्याही माणसात त्यांपैकी दोनच असू शकतात. त्याचप्रमाणे मोहावे, लेसर, बटर, मिस्टिक, फँटम, रूसो यांपैकी दोन एकत्र आले, की साप बहुधा पांढरा किंवा फिकट होतो.

या रूपांचा संबंध एंडोथेलिन ग्राहकाच्या जनुकाशी असल्याचे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. गर्भावस्थेत रंजकपेशींना वाढण्याचा व स्थलांतराचा संदेश मिळतो, तो या ग्राहकामार्फत. घोड्यांमध्ये याच कुळातील जनुक दोन्ही प्रतींत बिघडले, तर पांढरे शिंगरू जन्मते. पण आतड्यातील चेतापेशीही न बनल्याने ते काही दिवसांतच दगावते. रंजकपेशी आणि आतड्यातील चेतापेशी गर्भाच्या एकाच भागातून निघतात, त्याचा हा परिणाम. पांढरे अजगर मात्र जगतात. माणसातही या जनुकातील दोषाने बहिरेपणा, फिकट त्वचा आणि निळे डोळे यांचा समावेश असलेला एक विकार उद्भवतो.

पांढऱ्यांत आणखी दोन रूपे सांगितली पाहिजेत. 'फायर' या रूपाच्या दोन प्रती एकत्र आल्या, की काळ्या डोळ्यांचा पांढरा अजगर होतो. त्याच्या अंगावर कधी कधी पिवळसर डाग असतात. 'यलो बेली'च्या दोन प्रतींतून 'आयव्हरी' म्हणजे हस्तिदंती रंगाचा अजगर निपजतो. त्याच्या पाठीवर फिकट पिवळी रेघ दिसते. निळ्या डोळ्यांच्या गटाशी या दोघांचे आनुवंशिक नाते नाही.

पायबाल्ड : अर्धवट राहिलेला प्रवास

पायबाल्ड अजगराचे काही भाग नेहमीच्या रंगाचे, तर मधले पट्टे निखळ पांढरे असतात. हे रूप अल्बिनोप्रमाणेच अप्रभावी आहे. मात्र पांढरा भाग किती असेल, हे सांगता येत नाही. एकाच खेपेतील एका पिल्लावर दोन-चार ठिपके, तर दुसऱ्याचे डोके वगळता सारे अंग पांढरे असू शकते.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी या रूपाचा संबंध 'टीएफईसी' या जनुकाशी जोडला. हे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पडताळणीसाठी ॲनोल या सरड्यात तेच जनुक मुद्दाम निकामी करण्यात आले, तेव्हा सरड्याच्या रंगावर परिणाम झाला आणि स्फटिक असलेल्या रंजकपेशी नाहीशा झाल्या. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या रंजकपेशी घडविण्यात या जनुकाचा हात आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

चौकट : पांढरा अजगर कसा ओळखावा?

अल्बिनो : पांढऱ्यावर पिवळी नक्षी, लाल डोळे, अप्रभावी, टायरोसिनेज जनुक.
स्नो : फिकट पांढरा, पुसट नक्षी, लाल डोळे, दोन अप्रभावी जनुकांची जुळणी.
निळ्या डोळ्यांचा ल्युसिस्टिक : शुभ्र, नक्षी नाही, अपूर्ण प्रभाविता, एंडोथेलिन ग्राहक जनुक.
काळ्या डोळ्यांचा ल्युसिस्टिक : पांढरा, क्वचित पिवळसर डाग, 'फायर'च्या दोन प्रती.
आयव्हरी : हस्तिदंती, पाठीवर फिकट रेघ, 'यलो बेली'च्या दोन प्रती.
पायबाल्ड : रंगीत व पांढरे पट्टे, डोळे नेहमीचे, अप्रभावी, टीएफईसी जनुक.

पांढऱ्या वाघाचा धडा

निवडक पैदाशीचे फायदे-तोटे भारताने फार पूर्वी पाहिले आहेत. १९५१ मध्ये रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी 'मोहन' नावाचा पांढरा वाघ पकडला. 'बेगम' या सामान्य वाघिणीपासून त्याला झालेले सर्व बछडे पिवळेच निघाले. पुढे त्यांच्यापैकी 'राधा' या त्याच्याच मुलीशी त्याची जोडी लावण्यात आली, तेव्हा १९५८ मध्ये चार पांढरे बछडे जन्मले. अप्रभावी जनुकाचे याहून ठळक उदाहरण शोधूनही मिळणार नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१९ पर्यंत असलेला 'बाजीराव' हाही पांढराच वाघ होता.

पांढरा वाघही अल्बिनो नव्हे. त्याच्या अंगावरील काळे पट्टे कायम असतात. २०१३ मध्ये त्याच्या रंगामागे एसएलसी-४५-ए-२ या जनुकातील एक छोटा बदल असल्याचे सिद्ध झाले. पण पांढरा रंग टिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात संबंध लावले गेले आणि त्यातून तिरळेपणासह अनेक व्यंगे पुढे आली. अजगरांच्या बाबतीतही हा धोका आहेच. लेसर व बटर यांच्या दुहेरी प्रतीच्या पांढऱ्या पिल्लांत डोळे बटबटीत असण्याचा दोष सर्पपालकांना परिचित आहे. 'स्पायडर' या नक्षीच्या रूपात तर सापाचा तोल जातो, मान वेडीवाकडी फिरते. त्याच्या अंतर्कर्णाची रचनाच सदोष असल्याचे दिसून आले आहे. सुंदर रंगाची किंमत अनेकदा तो प्राणी मोजत असतो.

आपल्याकडचे पांढरे साप

महाराष्ट्रातील नाग, धामण, मण्यार अशा जातींतही क्वचित रंगहीन साप आढळतात. जंगलात असे साप सहज नजरेस पडत असल्याने शिकारी पक्ष्यांचे लवकर भक्ष्य होतात. म्हणूनच ते दुर्मीळ. दैवी म्हणून नव्हे. रंग नसला, तरी विष असते. रंगहीन नागाच्या विषात आणि काळ्या नागाच्या विषात काही फरक नाही. पांढरा म्हणून हात लावायला जाणे जिवावर बेतू शकते.

दुसरी एक गल्लत नेहमी होते. कात टाकण्यापूर्वी काही दिवस कोणत्याही सापाची त्वचा निस्तेज, पांढुरकी दिसते आणि डोळ्यांवर निळसर झाक येते. कांदाचाळीत उंदरांमागे शिरलेली साधी धामण अशा वेळी 'निळ्या डोळ्यांचा पांढरा साप' ठरते. कात टाकली, की तिचा रंग पूर्ववत होतो. सापांच्या अंगी धनप्राप्तीची शक्ती असल्याच्या समजातून मांडुळाच्या तस्करीचे गुन्हे राज्यात वारंवार उघडकीस आले आहेत. पांढऱ्या सापाविषयीचा समज त्याच जातकुळीतला आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय साप पकडणे, पाळणे किंवा विकणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. भारतीय अजगर तर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बॉल पायथन विदेशी असल्याने त्याला पूर्वी या कायद्याची झळ फारशी पोहोचत नव्हती. तथापि, आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या म्हणजे 'साइट्स'च्या दुसऱ्या परिशिष्टात तो समाविष्ट आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराची यादी भारतीय कायद्यात आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांना केंद्राच्या 'परिवेश' या संकेतस्थळामार्फत नोंदणी बंधनकारक करण्यात आली.

तस्करी मात्र थांबलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून ११ साप जप्त केले. त्यात नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक होते. बिस्किटे व केकच्या पाकिटांत कोंबून ते आणण्यात आले होते. परवाना व नोंदणीची कागदपत्रे न दाखवता कोणी विदेशी अजगर विकायला आला, तर तो अशाच मार्गाने आलेला नसेल कशावरून, हा प्रश्न ग्राहकाने स्वतःला विचारायला हवा. कायद्याचा बडगा विक्रेत्याप्रमाणे खरेदीदारावरही उगारला जातो.

वस्तीत कोणत्याही रंगाचा साप दिसल्यास त्याच्यापासून सुरक्षित अंतर ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णाला थेट नजीकच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविषाची लस हाच त्यावरचा खरा उपाय होय. साप काळा की पांढरा, याने उपचारात काहीही फरक पडत नाही.